विद्यार्थी अग्निबाण प्रकल्प

विद्यार्थी अग्निबाण प्रकल्प : विद्यार्थ्यांच्या लहान गटाने ठरवून दिलेल्या उद्दिष्टासाठी लहान अग्निबाणाचा आराखडा करणे, तो स्वतः बांधणे, जमिनीवर त्याच्या चाचण्या घेणे, त्याचे उड्डाण करणे आणि उड्डाणात मिळालेल्या मोजमापांवरून मूळ आराखडा पडताळून पाहणे, या क्रमाने चालणारी अध्यापनपद्धती. तीत गतीचे नियम, वायुगतिकी, भूमिती, यांत्रिक आरेखन, विद्युत् मंडले व मोजमापातील त्रुटींचा विचार हे विषय एकाच कामाच्या निमित्ताने एकत्र येतात. शालेय पातळीवरील अग्निबाणाचे वजन काही ग्रॅमपासून सु. दीड किग्रॅ.पर्यंत असते व तो काही शे मीटरपर्यंत उंची गाठतो. विद्यापीठीय गटांचे अग्निबाण काही किमी. उंचीपर्यंत जातात.

या पद्धतीचा इतिहास मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो. ज्वालाग्राही इंधन अल्पवयीन मुलांच्या हाती न देता अग्निबाणविद्या कशी शिकवावी, हा पहिला. आणि ती शिकण्याची संधी कोणाला मिळावी, हा दुसरा. ज्या प्रदेशात अग्निबाणांचे इंधन, त्यांची आवरणे व लढाऊ विमाने तयार होतात, परंतु शाळांत अग्निबाण क्वचितच दिसतो, अशा महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात. नाशिक जिल्ह्यातील ओझर हे या स्थितीचे बोलके उदाहरण होय. [→ अग्निबाण].

पूर्वेतिहास : अग्निबाणविद्येच्या आधुनिक शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी कॉन्स्टंटीन त्सिओलकोव्हस्की (१८५७–१९३५) हे रशियातील बोरोव्हस्क व कलूगा येथे शालेय शिक्षक होते. अग्निबाणाची गती आणि त्याच्या वस्तुमानात होणारी घट यांचा संबंध दर्शविणारे त्यांचे समीकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड (१८८२–१९४५) हे क्लार्क विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते; त्यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅचूसेट्स राज्यातील ऑबर्न येथे द्रव इंधनावरील पहिला अग्निबाण उडविला. तो सु. अडीच सेकंद हवेत राहिला आणि सु. १२·५ मी. उंच गेला. दोघेही अध्यापक असले, तरी त्यांचे संशोधन वर्गाबाहेरचे आणि बहुतांशी एकाकी होते.

विद्यार्थ्यांच्या गटाने अग्निबाणाचे काम हाती घेतल्याचे पहिले महत्त्वाचे उदाहरण कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेतील होय. तेथील पदव्युत्तर विद्यार्थी फ्रँक मॅलिना (१९१२–८१) व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी पॅसाडेना शहराबाहेरील कोरड्या नदीपात्रात आपल्या मोटरीची पहिली चाचणी घेतली. पुढे संस्थेच्या आवारात झालेल्या अपघातांमुळे या गटास ‘आत्मघातकी पथक’ असे टोपणनाव पडले आणि त्यांना आपले प्रयोग आवाराबाहेर न्यावे लागले. याच गटातून जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ही विख्यात संस्था उदयास आली. विद्यार्थ्यांच्या गटकार्याची फलनिष्पत्ती आणि त्यातील धोका या दोन्ही बाजू या एकाच उदाहरणात स्पष्ट होतात.

भारतात युद्धोपयोगी बाणांची परंपरा जुनी आहे. मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द अग्निबाणासाठीही येतो आणि म्हैसूरच्या सैन्याने अठराव्या शतकात वापरलेले लोखंडी नळ्यांचे बाण पुढे इंग्लंडमधील विल्यम काँग्रीव्ह यांच्या अग्निबाणांस प्रेरक ठरले. विसाव्या शतकातील हौशी प्रयोगकारांत स्टीफन स्मिथ (१८९१–१९५१) यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९३४ ते १९४४ या काळात अग्निबाणाने टपाल पोहोचविण्याचे अनेक प्रयोग केले. २९ जून १९३५ रोजी त्यांनी दामोदर नदीवरून सोडलेल्या अग्निबाणात एक कोंबडा व एक कोंबडी होती व दोन्ही जिवंत पैलतीरी पोहोचली. ‘वाहून नेलेली वस्तू सुखरूप उतरली पाहिजे’ ही आजच्या शालेय स्पर्धांतील अट या प्रयोगात बीजरूपाने आढळते.

प्रतिकृती अग्निबाणाचा उदय : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत शाळकरी मुलांमध्ये अग्निबाण बनविण्याची लाट आली. घरगुती रसायने धातूच्या नळ्यांत ठासून केलेल्या या प्रयोगांत अनेक मुले जखमी झाली व काहींचा मृत्यूही ओढवला. या समस्येवरील उपाय त्यापूर्वीच तयार झालेला होता. नेब्रॅस्का राज्यातील नॉरफक येथे पादत्राणांचे दुकान चालविणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास कागदी नळी, हलके पंख, हवाई छत्री आणि एकदा वापरून बदलता येणारी छोटी तयार मोटर असा अग्निबाण बनविला होता. क्षेपणास्त्रांच्या चाचणीकेंद्रावर काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांना त्याचे महत्त्व उमगले. १९५७ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संघटना स्थापन झाली आणि सुरक्षिततेची नियमावली प्रचारात आली. व्हर्नन एस्टेस यांनी १९५९ च्या सुमारास अशा मोटरी यंत्राने तयार करण्यास प्रारंभ केल्यावर त्या स्वस्त व एकसारख्या मिळू लागल्या.

या बदलाचा शैक्षणिक अर्थ दूरगामी होता. इंधन तयार करणे हे काम विद्यार्थ्याच्या हातून काढून घेण्यात आले. आराखडा, स्थैर्य, भाकीत, मापन व निर्णय ही कामे त्याच्याकडे राहिली. मोटर एकसारखी मिळू लागल्यामुळे दोन अग्निबाणांच्या उड्डाणांतील फरक आराखड्यातील फरकामुळे पडला, असे म्हणता येऊ लागले. तुलनेस अर्थ आल्यामुळेच अग्निबाण प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसू शकला.

सदर नियमावलीनुसार अग्निबाणाचे वजन १,५०० ग्रॅ.पेक्षा व त्यातील इंधन १२५ ग्रॅ.पेक्षा अधिक नसावे. शरीर कागद, हलके लाकूड वा प्लॅस्टिक यांचे असावे. प्रज्वलन विजेने व दुरून करावे. लहान मोटरींसाठी सु. ५ मी. व मोठ्यांसाठी सु. ९ मी. अंतर राखावे, रोख उभ्या रेषेपासून ३०°पेक्षा अधिक कलता नसावा आणि वाऱ्याचा वेग ताशी सु. ३२ किमी.पेक्षा अधिक असल्यास उड्डाण करू नये. प्रतिकृती अग्निबाणांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये त्या वेळच्या यूगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे झाली.

गटस्पर्धा : सुरुवातीच्या काळातील स्पर्धांत वैयक्तिक कौशल्याला व गाठलेल्या उंचीला महत्त्व असे. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये अमेरिकेत शालेय गटांसाठी ‘टीम अमेरिका रॉकेट्री चॅलेंज’ ही स्पर्धा घेण्यात आली आणि पुढे ती दरवर्षी होऊ लागली. तीत कच्चे अंडे घेऊन अग्निबाणाने नेमलेली उंची गाठावयाची व अंडे न फुटता खाली आणावयाचे असते. उंची अधिक झाली तरी उणे झाल्याइतकेच गुण कमी होतात. हवेत राहण्याचा अवधीही नेमून दिलेला असतो आणि दरवर्षी ही उद्दिष्टे बदलतात. त्यामुळे मोठी मोटर वापरून प्रश्न सुटत नाही. पुनःपुन्हा उड्डाणे करून, नोंदी ठेवून आणि वजनात काही ग्रॅमचा फेरफार करूनच नेमकेपणा साधावा लागतो. अशा स्पर्धा पुढे ब्रिटनमध्येही सुरू झाल्या.

ज्या देशांत बारुदाच्या मोटरी शाळांना सहज मिळत नाहीत, तेथे जलबाणाचा मार्ग अवलंबिला जातो. प्लॅस्टिकच्या पेयाच्या बाटलीत पाणी भरून उरलेल्या जागेत पंपाने हवा दाबून भरतात. तोंड मोकळे होताच पाणी वेगाने मागे फेकले जाते व बाटली पुढे झेपावते. न्यूटन यांच्या तिसऱ्या नियमाचे हे निर्धोक प्रात्यक्षिक होय. आशिया व पॅसिफिक प्रदेशातील अवकाशसंस्थांच्या मंचातर्फे २००५ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी जलबाणांचा आंतरराष्ट्रीय उपक्रम होत आला आहे.

प्रकल्पाची रचना : गटात साधारणपणे तीन ते दहा विद्यार्थी असतात. शरीर व पंख, मोटर व प्रज्वलन, हवाई छत्री व अवतरण, मापन व नोंदी आणि सुरक्षितता अशी कामांची विभागणी करतात. ही विभागणी सोयीपुरती नसते. प्रत्येक भागाचा निर्णय दुसऱ्या भागावर परिणाम करीत असल्याने गटास परस्परांशी वाटाघाटी कराव्या लागतात आणि अध्यापनाचा मुख्य लाभ तेथेच होतो.

स्थैर्याचा प्रश्न हे याचे उत्तम उदाहरण आहे. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या परिणामकेंद्राच्या पुढे, निदान अग्निबाणाच्या एका व्यासाइतका, असावा लागतो, ५ सेंमी. व्यासाच्या अग्निबाणात हे अंतर निदान ५ सेंमी. हवे. ते कमी भरल्यास दोन उपाय असतात. टोकात वजन घातल्यास गुरुत्वमध्य पुढे सरकतो, परंतु उंची घटते. पंख मोठे केल्यास दाबकेंद्र मागे जाते, परंतु हवेचा रोध वाढतो व वारा असल्यास अग्निबाण वाऱ्याच्या दिशेने वळतो. शरीराचे काम पाहणारा एक उपाय सुचवितो, उंचीचे गणित करणारा दुसरा. दाबकेंद्र गणिताने काढण्याची सोपी रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली. तत्पूर्वी आणि आजही लहान वर्गांत अग्निबाण गुरुत्वमध्याशी दोरीला बांधून गरागरा फिरवून पाहतात. तो टोक पुढे ठेवून फिरला, तर स्थिर समजतात.

मोटरीच्या नावातच तिचे गणित असते. अक्षरावरून एकूण आवेग कळतो आणि प्रत्येक पुढील अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘ए’ वर्गात ती २·५, ‘बी’ मध्ये ५, तर ‘सी’ मध्ये १० न्यूटन-सेकंद असते. ‘सी ६-५’ या मोटरीत ६ हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये व ५ हा इंधन संपल्यानंतर हवाई छत्री बाहेर फेकली जाईपर्यंतचा सेकंदांतील अवधी होय. एकूण १०० ग्रॅ. वस्तुमानाच्या अग्निबाणाचे वजन सु. १ न्यूटन असल्याने ६ न्यूटन रेट्याने त्याला सेकंदास सेकंदास सु. ५० मी. प्रवेग मिळतो. कमाल आवेग धरल्यास मोटर सु. १·७ सेकंद जळते आणि हवेचा रोध न धरता गणित केल्यास उंची सु. ४२० मी. येते. प्रत्यक्षात ती याहून बरीच कमी भरते. कागदावरील आणि मैदानावरील आकड्यांतील ही तफावत म्हणजेच हवेच्या रोधाचा धडा. तो शिकविण्यास वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

उंची मोजण्याची जुनी रीत त्रिकोणमितीवर आधारलेली आहे. निरीक्षक उड्डाणस्थळापासून ठरावीक अंतरावर उभा राहून सर्वोच्च बिंदूचा उन्नत कोन मोजतो. अंतरास त्या कोनाच्या स्पर्शज्येने (टॅन) गुणिले असता उंची मिळते. १०० मी. अंतरावरून ५०° कोन आल्यास उंची सु. ११९ मी. होते. कोनात एका अंशाची चूक झाल्यास या ठिकाणी सु. ४ मी. फरक पडतो, परंतु कोन ७५° असताना तीच चूक सु. २८ मी. फरक पाडते. म्हणून निरीक्षकाचे अंतर अपेक्षित उंचीच्या जवळपास ठेवतात आणि अग्निबाण वाऱ्याने एका बाजूस सरकत असल्याने दोन बाजूंस दोन निरीक्षक नेमतात. अलीकडे वायुभारमापक असलेले लहान इलेक्ट्रॉनीय उंचीमापक वापरले जात असले, तरी चुकीचा अंदाज बांधण्यास शिकविणारी ही रीत वर्गात टिकून आहे.

जलबाणाच्या प्रकल्पातही हीच शिस्त पाळता येते. दोन लिटरच्या बाटलीत हवेचा दाब सारखा ठेवून पाण्याचे प्रमाण बदलत नेल्यास पाणी अगदी कमी वा अगदी जास्त असताना उंची घटते आणि आकारमानाच्या सु. एक तृतीयांश पाण्यास ती बहुधा सर्वाधिक येते. एका वेळी एकच घटक बदलावयाचा, हा प्रयोगशास्त्राचा मूलभूत नियम विद्यार्थी येथे स्वतः आलेख काढून पडताळतात. दाबाखालील बाटलीजवळ कोणी जाऊ नये, धातूचे भाग वापरू नयेत आणि कळ दुरून दोरीने ओढावी, एवढी काळजी मात्र आवश्यक असते.

उड्डाण थांबविण्याचा अधिकार सुरक्षितता पाहणाऱ्या विद्यार्थ्यास दिलेला असतो. पाहुणे जमलेले असताना, उलटगणती सुरू झालेली असताना एका सहाध्यायाने ‘थांबा’ म्हणणे व इतरांनी ते मानणे, ही सवय अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेत मोलाची आहे.

भारतातील वाटचाल : गटाने काम करीत शिकण्याचा विचार भारतास नवा नव्हता. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीची मांडणी केली आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधी यांनी उत्पादक हस्तकामातून शिक्षण देण्याची ‘नई तालीम’ योजना मांडली. भारतीय अवकाश कार्यक्रमाची सुरुवातही एका अर्थी अशाच शिक्षणाने झाली. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला संशोधक अग्निबाण सोडण्यात आला, तेव्हा तो अमेरिकी बनावटीचा ‘नाइकी-अपाची’ होता. त्यासाठी विक्रम साराभाई यांनी निवडलेल्या तरुण अभियंत्यांनी अमेरिकेत प्रशिक्षण घेतले होते; त्यांत पुणे येथे जन्मलेले प्रमोद काळे हेही होते. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, स्वदेशी ‘रोहिणी-७५’ उडाला. त्याचा व्यास ७५ मिमी., म्हणजे आजच्या विद्यापीठीय गटांच्या अनेक अग्निबाणांहून कमी होता. ‘एसएलव्ही-३’ या उपग्रहवाहकाचे १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण अयशस्वी झाले व १८ जुलै १९८० रोजी तो यशस्वी झाला.

विद्यार्थ्यांसाठी मात्र अग्निबाणापेक्षा उपग्रहाचे दार आधी उघडले. अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ हा उपग्रह २० एप्रिल २००९ रोजी कक्षेत गेला. अग्निबाणांच्या बाबतीत तिरुअनंतपुरम येथील भारतीय अवकाशविज्ञान व तंत्रविद्या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘व्योम’ हा अग्निबाण २०१२ मध्ये थुंबा येथून सोडण्यात आला. शालेय पातळीवर, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरम् येथून विद्यार्थ्यांनी जुळविलेले १०० अतिलघू उपग्रह फुग्यांनी आकाशात नेण्यात आले व त्यांत महाराष्ट्रातील विद्यार्थीही सहभागी होते. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी तमिळनाडूतील पट्टिपुलम येथून १५० लघुउपग्रह घेऊन संकरित इंधनाचा अग्निबाण सोडण्यात आला. त्यात सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचा सहभाग होता. ७५ सरकारी शाळांतील ७५० मुलींच्या सहभागाने तयार झालेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी वाहकातील दोषामुळे योग्य कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याची दुसरी आवृत्ती १० फेब्रुवारी २०२३ रोजी कक्षेत गेली.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१९ मध्ये नववी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा निवासी उपक्रम सुरू केला. २०२० मध्ये स्थापण्याचे ठरलेल्या ‘इन-स्पेस’ या केंद्राच्या पुढाकाराने महाविद्यालयीन गटांसाठी प्रतिकृती अग्निबाणांची व डब्याच्या आकाराच्या उपग्रहांची राष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. तिची उड्डाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. राष्ट्रीय पातळीवर अधिकृत मोटर व अधिकृत उड्डाणस्थळ विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्याच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा आहे.

कायद्याची चौकट : भारतीय स्फोटक अधिनियम, १८८४ मधील स्फोटकाच्या व्याख्येत रॉकेटचाही नामनिर्देश आहे. त्याखालील २००८ च्या नियमांनुसार स्फोटकांचे उत्पादन, साठवण व वाहतूक यांसाठी परवाना लागतो व त्यांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. त्यामुळे शाळेने स्वतः इंधन तयार करणे कायद्याने व विवेकाने दोन्ही दृष्टींनी वर्ज्य ठरते. उड्डाणासाठी जागेच्या मालकाखेरीज स्थानिक प्रशासनाची आणि हवाई मार्ग जवळ असल्यास हवाई वाहतूक नियंत्रणाची अनुमती घ्यावी लागते.

महाराष्ट्र : अग्निबाणविद्येत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांनी घन इंधनाच्या विकासाचे नेतृत्व केले व ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. कोल्हापूर येथे जन्मलेले एकनाथ चिटणीस (१९२५–२०२५) हे अवकाश कार्यक्रमाच्या प्रारंभापासूनचे सहकारी होते. पुणे येथील संरक्षण प्रयोगशाळेत स्फोटक व ऊर्जाद्रव्यांवर संशोधन होते; वालचंदनगर (जि. पुणे) येथे उपग्रहवाहकांच्या मोटरींची आवरणे तयार होतात. परंतु या ज्ञानाचा मोठा भाग सुरक्षिततेच्या कारणास्तव भिंतीआड राहिला. विद्यार्थ्यांच्या वाट्याला तो प्रामुख्याने उपग्रहांच्या मार्गाने आला.

पुणे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास हाती घेतलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही-सी ३४’ ने कक्षेत नेला. सु. १० सेंमी. बाजूचा घन व एक किग्रॅ.हून थोडे कमी वस्तुमान असलेल्या या उपग्रहाची दिशा कोणतीही ऊर्जा खर्च न करता चुंबकांच्या साहाय्याने स्थिर ठेवण्याची योजना होती. पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेचा, आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजण्यासाठी बनविलेला, सु. १० किग्रॅ. वस्तुमानाचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही-सी ३५’ ने सोडण्यात आला. त्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले होते. याच संस्थेत विद्यार्थ्यांचा अग्निबाण गटही कार्यरत आहे.

या दोन्ही उपग्रहांना आठ-नऊ वर्षे लागली. अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने ज्यांनी आराखडा काढला, त्यांपैकी बहुतेक विद्यार्थी उड्डाणाच्या वेळी संस्थेत नव्हते. मधल्या तुकड्यांनी आरंभही पाहिला नाही व अंतही नाही. त्यामुळे सुबोध नोंदी, आरेखने आणि फसलेल्या चाचण्यांचे प्रामाणिक वृत्तांत पुढील तुकडीच्या हाती देणे, हाच या प्रकल्पांचा कणा ठरला. एका सत्रात संपणाऱ्या शालेय प्रकल्पात ही जाणीव आणावयाची असल्यास एका वर्गाची नोंदवही पुढील वर्षीच्या वर्गास देण्याची पद्धत उपयोगी पडते.

शालेय पातळीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये स्थापिलेल्या मुंबई येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आराखडा व तंत्रविद्या यांच्या शिक्षणासाठी पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या असे गटप्रकल्प तयार करून मराठी माध्यमाच्या शाळांतही करून पाहिले. त्यांत वस्तू करण्यापूर्वी तिचे आरेखन करणे व साहित्याची यादी करणे यांवर भर होता. अग्निबाण प्रकल्पास लागणारी अध्यापनपद्धती मराठी शाळांत रुजविण्याची वाट त्यायोगे दिसते.

ओझर व परिसर : ओझर हे नाशिकच्या ईशान्येस सु. २० किमी.वर, मुंबई-आग्रा महामार्गावर, निफाड तालुक्यात वसलेले आहे. सोव्हिएट रशियाशी झालेल्या करारानुसार मिग-२१ विमाने भारतात तयार करण्याचे ठरल्यावर त्यांच्या सांगाड्याचा कारखाना येथे उभारण्यात आला. इंजिनांसाठी कोरापुट व इलेक्ट्रॉनीय सामग्रीसाठी हैदराबाद ही स्थळे निवडण्यात आली. त्या वेळी यशवंतराव चव्हाण हे संरक्षणमंत्री होते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या विभागाकडे विमानांबरोबरच ‘के-१३’ या घन इंधनाच्या, विमानातून विमानावर सोडावयाच्या क्षेपणास्त्राचेही उत्पादन सोपविण्यात आले होते. पुढे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमाने येथे तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस विमानांच्या तिसऱ्या उत्पादनसाखळीचे येथे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा व प्रशिक्षणाच्या सोयी आल्या. लोकांच्या तोंडी गावाचे नावही ‘ओझर मिग’ असे झाले. याच जिल्ह्यात देवळाली येथे तोफखाना विद्यालय आहे.

यावरून ओझरच्या मुलांना अग्निबाण उडविणे सोपे असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. कार्यरत विमानतळ, लष्करी महत्त्वाचा कारखाना व २०१४ पासून उपलब्ध झालेली नागरी प्रवासी इमारत यांमुळे परिसरातील आकाश मोकळे नाही. भोवतालच्या शेतांत द्राक्षबागांचे तारांचे मांडव व वीजवाहिन्या असल्याने वाऱ्याने भरकटलेला अग्निबाण परत मिळविणेही अवघड जाते. म्हणून अशा ठिकाणी प्रकल्पाचे दोन भाग करणे इष्ट ठरते. स्थैर्याची चाचणी, ताणकाट्यावर रेट्याचे मापन, हवाई छत्रीच्या अवतरणाचा वेळ आणि अनुमतीने शाळेच्या मैदानावर कमी दाबाचे, कमी उंचीचे जलबाण, हा पहिला भाग गावातच होऊ शकतो. मोटरीचे उड्डाण अधिकृत स्थळी, अधिकृत मोटरीनेच व्हावे.

औद्योगिक वसाहतीचा खरा लाभ वेगळा आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कोलवुड या खाणकामगारांच्या गावातील मुलांच्या गटाने, त्यांतील होमर हिकम हे पुढे अभियंता व लेखक म्हणून प्रसिद्ध झाले, १९५७ ते १९६० या काळात अग्निबाण बनविले. खाणीच्या कर्मशाळेतील कारागिरांनी त्यांना मोटरीचे निमुळते तोंड (प्रोथ) कातून दिले आणि फ्रीडा रायली या शिक्षिकेने त्यांना प्रोत्साहन दिले. १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कामास पारितोषिक मिळाले. त्यांनी इंधन स्वतः मिसळले, ही गोष्ट अनुकरणीय नव्हे. मात्र कुशल कामगार, शिक्षक व विद्यार्थी यांची जी साखळी तेथे जुळली, ती कोणत्याही कारखान्याच्या गावात जुळू शकते. विमाननिर्मितीत प्रत्येक भागाची तपासणी होते, ती कोणी केली याची नोंद राहते आणि शंकास्पद भाग बाजूला काढला जातो. ही कार्यसंस्कृती गुप्त नाही व तिला परवानाही लागत नाही. निवृत्त तपासनीसाने शाळेतील गटाची नोंदवही एकदा तपासली, तरी मापनातील निष्काळजीपणा म्हणजे काय, हे मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळते.

मूल्यमापन व मर्यादा : या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात. उड्डाणाच्या आकर्षणापुढे गणित मागे पडते. गटातील एखाददुसराच विद्यार्थी सर्व काम करतो. मुलींकडे सजावटीचे वा लेखनाचे काम सोपविले जाते. आणि तयार संच विकत घेऊन केलेल्या जुळणीस प्रकल्प म्हटले जाते. या दोषांवर काही उपाय रूढ झाले आहेत. उड्डाणापूर्वी प्रत्येक गटाने उंचीचे लेखी भाकीत द्यावे आणि गुण उंचीस न देता भाकीत व निरीक्षण यांतील तफावतीच्या स्पष्टीकरणास द्यावेत. प्रत्येक फेरीत कामांची अदलाबदल करावी. फसलेल्या उड्डाणाचा वृत्तांत यशस्वी उड्डाणाच्या वृत्तांताइतकाच महत्त्वाचा मानावा.

खर्चाचा प्रश्नही आहे. परंतु जलबाणास रिकाम्या बाटल्या, सायकलचा पंप, पुठ्ठा व कोनमापक एवढे साहित्य पुरते. उणीव मुख्यतः प्रशिक्षित शिक्षकांची, अधिकृत उड्डाणस्थळांची आणि शाळांना सुलभ अशा परवाना-व्यवस्थेची आहे. ती दूर न झाल्यास अग्निबाण प्रकल्प मोठ्या शहरांतील संपन्न संस्थांपुरता राहण्याचा धोका आहे. आणि जिज्ञासू मुलास योग्य मार्ग न मिळाल्यास ते फटाक्यांची दारू गोळा करून प्रयोग करू लागते, हा १९५७ नंतरच्या अमेरिकेतील अनुभव कोठेही पुन्हा येऊ शकतो. सुरक्षित मार्ग उपलब्ध करून देणे हाच त्यावरील परिणामकारक उपाय आहे, असे या पद्धतीच्या इतिहासावरून दिसते.